तीन फुटी प्लांटेड टँक: मासे सुखात, पण त्या रबरी रिंगेचं काय?

मी घेतलेल्या कॅनिस्टर फिल्टरची (माशांच्या टँकबाहेर खाली ठेवायचा, पाणी गाळणारा बंद डबा) कंपनी झाकणाखालची रबरी ओ-रिंग सुटी विकत नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण मोठा टँक घेणारा माणूस काच, लाइट, माती, झाडं या सगळ्यांची चौकशी करतो आणि हे विचारायचं राहून जातं. दुकानात पैसे देण्याआधी विचारा: रिंग सुटी मिळते का? उत्तर 'हो' असेल तर ती तिथल्या तिथे घेऊनच बाहेर पडा.

आता पहिल्यापासून. आमचा जुना टँक दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे काठोकाठ भरला तरी 56 लिटर. त्यात पर्ल गुरामीची जोडी, काळे विडो टेट्रा, तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरसचा घोळका आणि एक ब्रिसलनोज, म्हणजे शेवाळ खाणारा मासा. दर आठवड्याला पाणी बदलूनही नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं) वर जायचं, आणि गुरामीचा नर टेट्रांना एका कोपऱ्यात दाबून ठेवायचा. दिवाळीनंतर तीन बाय दीड बाय दीडचा टँक करून घेतला. कागदावर तो 191 लिटरचा. माती, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात दीडशे-एकशे साठ लिटर पाणी.

आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो, त्यामुळे वजनाचा प्रश्न आधी सोडवला. पाणी, काच, माती आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या आसपास भार जातो. घरातल्या स्लॅबसाठी आयएस 875 या इमारतींच्या भाराच्या भारतीय मानकात साधारण दोनशे किलो प्रति चौरस मीटर एवढा भार धरलेला असतो, आणि टँकखालची जागा अर्धा चौरस मीटरसुद्धा नाही, म्हणजे तेवढ्या जागेवर भार त्याहून कितीतरी जास्त. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनियरांना घरी बोलावून दाखवलं. त्यांनी खोलीच्या मध्यावरची जागा नाकारली आणि बीमला लागून, भिंतीच्या कडेला ठेवायला सांगितलं. चार पायांच्या लोखंडी स्टँडऐवजी तळ पूर्ण टेकणारं प्लायचं कॅबिनेट केलं, वर फोमची शीट आणि त्यावर टँक. खालच्या मजल्यावरच्या काकांनाही आधीच सांगून ठेवलं.

पाण्याबद्दल नवी मुंबईकरांनी फार धास्ती घेऊ नये. मोरबे धरणाचं पाणी मऊ आहे. आमच्या नळाला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शंभरच्या आतच दाखवतो, आणि टेट्रा-कोरीडोरसना तसंच पाणी मानवतं. त्रास होतो तो सोसायटीच्या टाकीमुळे. टाकी साफ केल्यावर ब्लीचिंग पावडरचा वास नळाला येतो, तेव्हा दोन दिवस पाणी बदलायचं नाही. मे महिन्यात टँकर आला की टीडीएस एकदम तिपटीवर जातो. माशांना तो आकडा सोसतो, अचानक झालेला बदल सोसत नाही. म्हणून आता मीटर बादलीजवळच टांगलेला असतो आणि आकडा बघितल्याशिवाय एक मगही आत जात नाही.

मासे हलवायची घाई केली नाही, आणि पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाचले. नवी ॲक्वासॉइल, म्हणजे टँकमधल्या झाडांसाठीची माती, सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, आणि तो माशांना विषारी असतो. पाण्यातले बॅक्टेरिया तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून पचवतात. दुकानदार म्हणाला, "बाटलीतले बॅक्टेरिया टाका, दुसऱ्या दिवशी मासे सोडा." मी बाटली घेतली नाही. जुन्या टँकमध्ये जास्तीचा एक स्पंज फिल्टर आधीपासून चालवत होते, तोच उचलून नव्यात लावला. बॅक्टेरिया फुकट आले आणि तेही आमच्याच पाण्याला सरावलेले. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग शून्य यायला लागले, मगच मासे हलवले. कोरीडोरसला जाळीने धरू नका. त्यांच्या पंखांचे काटे ताठ होतात आणि जाळीत अडकतात. पारदर्शक मगमध्ये हळूच हाकलून घेतले की अलगद येतात. हवेच्या नळीला गाठ मारून नव्या टँकचं पाणी थेंबथेंब बादलीत सोडलं, लाइट बंद ठेवला आणि रात्रभर झाकण लावून ठेवलं. नव्या जागेत मासे उडी मारतात. झाकणाच्या खाली मात्र बोटभर जागा मोकळी ठेवा. गुरामी वर येऊन हवा घेतो, ती हवा दमट आणि उबदार लागते.

क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळली. ती विरघळतातच, मुळं उपटू नका. आता आमच्याकडे तीच सगळ्यात दाट आहेत. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधले, कारण त्यांचं आडवं खोड मातीत पुरलं की सडतं. मागे व्हॅलिस्नेरिया, वर तरंगती सॅल्व्हिनिया. झाडांसाठी लावतात तो सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर घेतला नाही आणि घ्यायचा विचारही नाही. त्या पैशात वर्षभराचं खाद्य येतं, आणि ही झाडं त्याशिवाय मजेत वाढतात.

आता पुन्हा रिंग.

जूनमधल्या एका रात्री कॅबिनेटच्या फटीतून पाणी ओघळताना दिसलं. धार बारीक होती, पण थांबत नव्हती. कॅनिस्टरच्या डोक्याखालची, म्हणजे मोटार असलेल्या झाकणाखालची रिंग चपटी होऊन एका बाजूला बसली होती. प्रत्येक वेळी उघडताना ग्रीस लावलेली, खाचा पुसलेल्या, आणि तरीही वर्ष व्हायच्या आत ही अवस्था. दोन्ही नळ बंद करून डबा बादलीत उचलून ठेवला. एक गोष्ट लक्षात असू द्या: कॅनिस्टर टँकच्या खाली असतो, त्यामुळे तो गळायला लागला की आत ओढणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंतचं सगळं पाणी फरशीवर येऊ शकतं. आमच्या पाइपचं तोंड मी तळापासून चांगलं वीतभर वर ठेवलंय. उद्या आम्ही घरी नसलो तरी माशांपुरतं पाणी आत राहील.

सकाळी कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, सील वॉरंटीत येत नाही. तो झिजणारा पार्ट आहे."

"बरं, मग विकत द्या."

"सुटा येत नाही. पूर्ण हेड घ्यावं लागेल."

फिल्टर 7,200 रुपयांचा, हेड 3,100 चं. त्या हेडमध्ये मोटार येते, आणि आमची मोटार ठणठणीत चालू होती. मी मेल केले, फोटो पाठवले, वरिष्ठांशी बोलायचं म्हणून फोन धरून बसले. उत्तर तेच. माझं म्हणणं साधं आहे. झिजतो म्हणून वॉरंटी नाही, हे मान्य. पण जो भाग झिजणार हे तुम्हीच सांगता, तो विकत मिळालाच पाहिजे. कुकरची रिंग कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते, म्हणून तर लोक एक कुकर वीस वर्षं वापरतात. रबराच्या एका वेढ्यापायी चांगली मोटार कचऱ्यात टाकायला सांगणं मला पटत नाही, आणि मी ते केलंही नाही.

नवऱ्याने सुचवलं म्हणून तुर्भ्याच्या एमआयडीसी भागात ऑइल सील विकणाऱ्या एका दुकानात गेले. जुनी रिंग आणि फिल्टरचं डोकं, दोन्ही बरोबर नेलं, आणि ते फार उपयोगी पडलं. चपटी झालेली रिंग मोजून जाडी कळत नाही, म्हणून दुकानदाराने व्हर्नियरने खाचेची खोली आणि रुंदी मोजली. रिंग खाचेच्या जराशी वर आली पाहिजे, तरच झाकण दाबल्यावर पाणी अडतं. नायट्रिल रबर, 70 शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाची, 40 रुपयांना एक. दोन जास्तीच्या घेतल्या. ग्रीस सिलिकॉनचंच लावायचं. व्हॅसलीन काही प्रकारच्या रबराला फुगवतं, आणि आपल्या फिल्टरचं रबर कुठलं हे डब्यावर लिहिलेलं नसतं. तेव्हापासून एक थेंब गळलेला नाही.

या सगळ्यात फिल्टर आठवडाभर बंद राहिला, आणि तेव्हा या टँकबद्दलचं माझं मत बदललं. तोवर मी सगळ्यांना सांगायचे की मोठ्या टँकचा जीव फिल्टरमध्ये असतो, पैसे तिथे घाला. बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि बॅक्टेरिया मरायला लागतात, म्हणून फिल्टरमधल्या, बॅक्टेरिया जिच्यावर वाढतात त्या सिरॅमिकच्या रिंगा जाळीच्या पिशवीत भरून एअरस्टोनशेजारी (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टँकमध्येच ठेवल्या. जुना स्पंज फिल्टर सुरू होताच. खाद्य निम्मं केलं. रोज सकाळ-संध्याकाळ टेस्ट घेतली आणि अमोनिया एकदाही शून्याच्या वर गेला नाही. जुन्या टँकमध्ये संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडायला लागले असते. इथे मातीवर आणि लाकडावर बॅक्टेरियांचा थर आहे आणि झाडं अमोनियम थेट ओढून घेतात. दुकानात मला झाडं शोभेची म्हणून दाखवली होती. आज कुणी विचारलं तर सांगते, आधी झाडांवर खर्च करा, फिल्टर मधल्या किमतीचा चालेल.

त्याच आठवड्यात गुरामीने बुडबुड्यांचं घरटं बांधलं. आमच्याकडे इतकी वर्षं असून कधीच बांधलं नव्हतं. कॅनिस्टरच्या धारेने पाण्याचा पृष्ठभाग सतत हलायचा. तो शांत झाला आणि सॅल्व्हिनियाच्या आडोशाला नराने दोन दिवसांत तळहाताएवढा फेस जमवला. छाती लालभडक. सासूबाई दुपारची झोप सोडून खुर्ची ओढून बसायच्या आणि मला ऑफिसात फोन करून सांगायच्या, "अगं, त्याने तिलासुद्धा हाकललं!" पिल्लं निघाली, बहुतेक टेट्रांनी खाल्ली, पण व्हॅलिस्नेरियात लपलेली काही अजून आहेत आणि वाढतायत. फिल्टर परत लावताना धारेची नळी काढून भोकांची आडवी नळी बसवली आणि तिचं तोंड मागच्या काचेकडे केलं. पाणी फिरतं, पण वरचा थर शांत राहतो. टेट्रा आता तीन फुटांत सुटे फिरतात आणि नराच्या वाटेला जात नाहीत.

खर्चाचं थोडक्यात: 40 वॉटचा लाइट सात तास आणि 20 वॉटचा फिल्टर चोवीस तास मिळून महिन्याला तेवीसेक युनिट होतात. उन्हाळ्यात पाणी 31 अंशांवर गेलं तेव्हा छोटा पंखा लावला, दीड-दोन अंश उतरलं. पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. पाणी आता पंधरवड्याने बदलते, आधी दर आठवड्याला बदलायचे. कॅबिनेटचा प्लाय तळाला फुगलाय, त्याचे पैसे मात्र त्या रिंगेच्या खात्यावर.

टँक आणि झाडांना पाचपैकी पाच. फिल्टरच्या मोटारीला चार, कंपनीला एक.

सॅल्व्हिनिया दर आठवड्याला दुप्पट होते. नेरुळ-सीवूड्समध्ये कुणाला हवी असेल तर पिशवी भरून देईन, पैसे नकोत. उरलेली मी वाळवून कुंड्यांत घालते. ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावात किंवा नाल्यात ती टाकू नका, आणि नकोसे झालेले सकरफिशही तिथे सोडू नका. केरळात या झाडाने अख्खे कालवे झाकून टाकलेत, आणि सकरफिश एकदा तलावात रुजला की इथल्या माशांना जागा उरत नाही. मासे परत घेणारी दुकानं आहेत. तिथे नेऊन द्या, नाहीतर मला कळवा.