असुरक्षित संबंधानंतर काय करायचं: पीईपी, मोफत तपासणी की महागडी पीसीआर?

कंडोम फाटला किंवा वापरलाच नव्हता, तर दुसऱ्या दिवशी बहुतेकांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: कुठली टेस्ट करू? पण पहिल्या तीन दिवसांत एचआयव्हीची कोणतीही टेस्ट, कितीही महागडी असली तरी, त्या संबंधाबद्दल काहीही सांगू शकत नाही. त्या तीन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो तो औषधाचा. म्हणून आधी किती तास झाले ते मोजा, मग किती आठवडे झाले ते बघा. पैशांचा विचार सगळ्यात शेवटी.

पीईपी घ्यायची की थांबून तपासायचं?

पीईपी म्हणजे संबंधानंतर लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं. विषाणू शरीरात शिरल्या शिरल्या सगळीकडे पसरत नाही. सुरुवातीला तो शिरलेल्या जागेजवळच्या पेशींत आणि लसिकाग्रंथींत असतो. तेवढ्या अवधीत औषध सुरू झालं तर त्याला पाय रोवता येत नाहीत. ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे. दुपारपर्यंत मिळणारी गोळी संध्याकाळवर ढकलू नका. आपल्याकडे सहसा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली गोळी देतात, रोज एक, सलग २८ दिवस. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्या याच वेळी घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही.

मग प्रत्येकाने घ्यावी का? नाही. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि उपचार सुरू नाहीत असं धरलं, तर दर १०,००० संबंधांमागे लागणीचा सरासरी अंदाज असा आहे: गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्याला सुमारे १३८, त्याच संबंधात लिंगप्रवेश करणाऱ्याला ११, योनीसंबंधात स्त्रीला ८ आणि पुरुषाला ४. मुखमैथुनात धोका फारच कमी. चुंबन, मिठी, हाताने केलेली उत्तेजना यांतून लागण होत नाही.

पण चार आणि आठ हे आकडे वाचून लगेच निर्धास्त होऊ नका. दोघांपैकी कुणाला जननेंद्रियावर व्रण किंवा दुसरा गुप्तरोग असेल, किंवा जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. याउलट जोडीदार एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या नियमित उपचारावर असेल, गोळ्या नियमित घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू मोजणीत सापडत नसेल, तर संबंधातून लागण होत नाही. अशा वेळी पीईपीची गरज नसते. हे कळलं नाही म्हणून कितीतरी जोडपी उगाच धास्तावलेली राहतात.

माझं मत स्पष्ट आहे. जोडीदाराची स्थिती माहीत नाही आणि गुदमार्गाने संबंध स्वीकारला असेल, किंवा बलात्कार झाला असेल, तर वाद न घालता पीईपी सुरू करावी. योनीसंबंध असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. जोडीदार आपण होऊन तपासून घ्यायला तयार असेल तर उत्तमच, पण त्याच्या रिपोर्टची वाट बघत पहिली गोळी थांबवू नका. गरज नाही असं ठरलं तर गोळ्या बंद करता येतात, पण उलटून गेलेले ७२ तास परत मिळत नाहीत.

मिळते कुठे? सरकारी रुग्णालयांत ही औषधं मुख्यतः सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी ठेवलेली असतात. अत्याचारानंतर मोफत उपचार देणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. संमतीने झालेल्या संबंधानंतर मात्र बहुतेकांना खासगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विकत घ्यावी लागते. सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरमध्ये विचारायला हरकत नाही, पण तिथे नकार मिळाला तर तिथेच थांबू नका. सुरू करतानाच एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाची तपासणी होते. हिपॅटायटिस बी असताना हे औषध अचानक बंद केलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून ती चाचणी टाळू नका.

तीन टेस्ट, तीन वेगळ्या तारखा

७२ तास उलटून गेले असतील तर आता प्रश्न तपासणीचा. विंडो पिरियड म्हणजे लागण झालेली असूनही टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ, आणि तो प्रत्येक टेस्टचा वेगळा असतो.

पीसीआर, म्हणजे आरएनएची चाचणी, थेट विषाणू शोधते. साधारण १० ते ३३ दिवसांत ती लागण पकडते. लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर होणारी फोर्थ जनरेशन टेस्ट अँटिबॉडीसोबत (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) पी-२४ अँटिजेनही, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनही शोधते. तिला १८ ते ४५ दिवस लागतात. बोटाच्या रक्तावरच्या साध्या रॅपिड टेस्टला २३ ते ९० दिवस.

यावरून पीसीआर सगळ्यात भारी असं वाटेल, पण ती काही हजारांत जाते आणि दहाव्या दिवशी निगेटिव्ह आली तरी पुढे पुन्हा तपासावंच लागतं. ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी अशी लक्षणं असतील आणि डॉक्टरांना ताज्या लागणीची शंका असेल, तेव्हा तिचा खरा उपयोग. नुसत्या भीतीपोटी ती करून घेणाऱ्याला चार दिवसांची शांतता मिळते, मग पुन्हा तीच घालमेल. लक्षणांवरून स्वतःच निदान करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि व्हायरल तापातही हेच सगळं दिसतं, आणि लागण झालेल्या अनेकांना काहीच जाणवत नाही.

फोर्थ जनरेशन खासगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. ४५ दिवस झाल्यावर ती निगेटिव्ह आली आणि पीईपी घेतलेली नसेल, तर त्या प्रसंगाचं उत्तर मिळालं असं समजा. तीन महिने जीव टांगणीला लागणं ज्यांना सोसवत नाही, त्यांच्यासाठी मला हाच पर्याय सर्वात योग्य वाटतो.

सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत असते. तिथे समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो आणि रिपोर्टही स्वतःच समजावून देतो. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. गाव लहान असेल आणि ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर शेजारच्या तालुक्याच्या केंद्रात जा. तिथे सहसा रॅपिड टेस्ट होते, त्यामुळे सहा आठवड्यांनी निगेटिव्ह आलं तर तो मोठा दिलासा असतो, पण पक्कं उत्तर तीन महिन्यांनी. आज लगेच एकदा तपासून घेण्यातही अर्थ आहे. त्यातून या प्रसंगाचं कळत नाही, पण आधीपासूनच लागण होती का ते कळतं.

पीईपी घेतली असेल तर अँटिबॉडी उशिरा तयार होऊ शकतात. त्यामुळे वरचे ४५ दिवस तुम्हाला लागू नाहीत. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे सहा आठवडे, तीन महिने आणि काही वेळा सहा महिन्यांनीही तपासा.

खासगी लॅबचा रिपोर्ट ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे लागणीची शंका दाखवणारा, आला तर तो अंतिम निकाल नसतो. तो घेऊन आयसीटीसीत जा. तिथे वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या करून निदान पक्कं करतात आणि मोफत उपचारासाठी एआरटी सेंटरला पाठवतात.

निकाल पक्का होईपर्यंत घरात कंडोम वापरा, आणि पत्नी गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल तर विशेष काटेकोरपणे. तपासणी फुकटात होईल म्हणून रक्तदान मुळीच करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त चाचणीत सुटू शकतं आणि भलत्याच रुग्णाला चढवलं जाऊ शकतं. गर्भधारणेची शक्यता असेल तर आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, कॉपर-टी पाच दिवसांच्या आत. सिफिलिस आणि गनोरियासाठी सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक आहे. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारा, आणि संबंध नेमका किती तासांपूर्वी आला ते पहिल्याच वाक्यात सांगा.