आरोप झाले त्या संध्याकाळी प्रवक्त्यानं काय बोलावं?

नव्यानं प्रवक्तेपद मिळालेल्या कार्यकर्त्याची खरी परीक्षा नेत्यावर आरोप होतात त्या दिवशी असते. वाहिन्यांचे फोन सुरू होतात आणि तासाभरात काहीतरी बोलावंच लागतं. 'आरोप धादांत खोटे आहेत' म्हणायचं, 'मला कल्पना नाही' म्हणायचं, की 'चौकशी सुरू आहे, आता बोलणं योग्य नाही'? व्हाइट हाउसच्या प्रसिद्धी सचिवांनी या तिन्ही वाटा चोखाळल्या आहेत. त्यांचं पुढे काय झालं, ते निवड करण्याआधी पाहून घ्यावं.

ठाम नकार दिला अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे प्रसिद्धी सचिव रॉन झिगलर यांनी. जून १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी झाली आणि संशय निक्सन यांच्या माणसांवर आला. झिगलर यांनी ती 'तिसऱ्या दर्जाची घरफोडी' म्हणून उडवून लावली आणि पुढे 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बातमीदारीवर तोंडसुख घेतलं. नोव्हेंबरात निक्सन प्रचंड मतांनी निवडून आले. नकाराचा मोह पडतो तो यामुळेच: निवडणूक तोंडावर असताना तो चालून जातो. पण एप्रिल १९७३ मध्ये आधीची निवेदनं आता लागू नाहीत, असं याच झिगलर यांना सांगावं लागलं आणि १ मे रोजी 'पोस्ट'ची जाहीर माफी मागावी लागली.

अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे प्रसिद्धी सचिव माइक मॅकरी यांनी १९९८ मध्ये दुसरी वाट धरली. व्हाइट हाउसमधल्या प्रशिक्षणार्थी मोनिका लेविन्स्की यांच्याशी क्लिंटन यांचे संबंध असल्याचं प्रकरण बाहेर आल्यावर त्यांनी क्लिंटन यांचं लेखी निवेदन वाचून दाखवलं आणि त्यापलीकडे एका शब्दाचाही अर्थ लावायला नकार दिला. अध्यक्षांना आपण थेट विचारलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. ऑगस्टमध्ये क्लिंटन यांनी संबंधांची कबुली दिली, तेव्हा मॅकरी यांना स्वतःचं वाक्य मागे घ्यावं लागलं नाही. मात्र जाणूनबुजून न विचारणं हीसुद्धा लोकांशी केलेली लपवाछपवीच आहे, असं मला वाटतं. प्रवक्ता वाचतो, पण माहिती मिळत नाही.

अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे प्रसिद्धी सचिव स्कॉट मॅक्लेलन यांचा अनुभव सर्वांत बोलका आहे, कारण त्यांनी विचारलं होतं. अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या अधिकारी व्हॅलरी प्लेम यांची गुप्त ओळख माध्यमांत फुटली, तेव्हा बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह आणि उपाध्यक्षांचे प्रमुख सहायक लुइस लिबी यांचा त्यात हात नाही, असं त्यांनी २००३ मध्ये त्या दोघांशी बोलून सांगितलं. २००५ मध्ये रोव्ह यांचं नाव पुढे आल्यावर मात्र 'तपास सुरू आहे' म्हणून ते गप्प झाले. पत्रकारांनी लगेच पकडलं: तपास तर २००३ मध्येही सुरू होता, तेव्हा कसे बोललात? आपल्याकडे 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मौन पाळायचं तर पहिल्या दिवसापासून पाळावं लागतं. आपल्या तोंडून खोटी माहिती वदवली गेली, असं मॅक्लेलन यांनी पुढे २००८ मध्ये लिहिलं.

चौथी वाटही आहे. जेराल्ड टरहॉर्स्ट यांना निक्सन यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांचे प्रसिद्धी सचिव होऊन जेमतेम महिना झाला होता. ८ सप्टेंबर १९७४ रोजी फोर्ड यांनी निक्सन यांना वॉटरगेटसह सर्व गुन्ह्यांबद्दल अध्यक्षीय क्षमादान दिलं आणि त्या निर्णयाची बाजू मांडणं जमणार नाही म्हणून टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

माझा कौल असा: नकार द्यायचा तर फक्त कागद स्वतः पाहिलेल्या गोष्टीला द्या. नेत्याचा शब्द एवढाच आधार असेल तर 'त्यांनी मला असं सांगितलं आहे' इतकंच म्हणा. आणि पद घेण्याआधी नेत्याला विचारा, अडचणीच्या वेळी मला तुम्हाला आणि तुमच्या वकिलांना थेट प्रश्न विचारता येतील का? 'तू फक्त बाजू मांड' असं उत्तर आलं, तर पद घेऊ नका.