स्मार्ट मीटर, सात महिने: मोजतो चोख, सांगतो अर्धंच

चेक मीटर, म्हणजे स्मार्ट मीटर बरोबर मोजतो का ते बघायला लावलेला दुसरा मीटर, उतरला. तीन महिन्यांत स्मार्ट मीटरवर ८१२ युनिट, चेक मीटरवर ८०८. घरगुती मीटरला एक टक्क्यापर्यंत इकडेतिकडे चालतं, म्हणजे मीटर पळतो ही तक्रार इथेच संपली. सुरुवातीचं मत असं होतं की डबा काढून परत न्यावा. ते बदललं, पण राग गेला नाही. तो आता दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

आधी मीटर पळतो असं वाटतं तरी का? मे २०२४ मध्ये बडोद्यात स्मार्ट मीटरवरून आरडाओरडा झाला तेव्हा एसी दिवसरात्र चालू होते, आणि दोन महिन्यांनी येणारं लाईटबिल प्रीपेडमुळे एकदम रोज कापून जायला लागलं. रोजचे साठ-सत्तर रुपये डोळ्यांत खुपतात, दोन महिन्यांचे चार हजार सवयीचे असतात. तुलना करायचीच तर रुपयांची नको, युनिटांची करा, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी.

घरच्या घरी तपासायचं असेल तर इस्त्री लावू नका, ती मधेच बंद होते. पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत सोडा, बाकी सगळं बंद. मीटरच्या पाटीवर ३२०० इंपल्स (एका युनिटमागे दिवा लुकलुकायची संख्या) लिहिलं असेल तर लाल दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला पाहिजे, १६०० असेल तर २७. आता खाचखळगा: रॉडवरचे १००० वॅट साधारणपणे २३० व्होल्टला धरलेले असतात. व्होल्टेज २४० असेल तर तोच रॉड सुमारे १०९० वॅट खातो आणि दिवा ५८ वेळा लुकलुकतो. तेवढ्यावरून मीटरला चोर ठरवू नका. डिस्प्लेवरचं बटण दाबत गेलं की व्होल्टेज दिसतं, ते आधी बघा.

खरी गोम बऱ्याचदा न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेत असते. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत वाटण्या झाल्या, मीटर वेगळे झाले, वायरिंग मात्र तसंच राहिलं. जिन्यातल्या दिव्याचा फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल जवळ सापडला त्या घरचा, असा प्रकार. जुना चकतीचा मीटर फक्त फेजवर मोजायचा. हा दोन्ही तारा बघतो आणि फरक मोठा असेल तर जास्त करंट धरून युनिट लावतो. चोरी पकडायची सोय आहे ती; शेजाऱ्याचा गीझर तुमच्या न्यूट्रलवरून परतत असेल तर भुर्दंड तुम्हाला. तपास सोपा: मेन स्विच चालू ठेवून आतले सगळे एमसीबी पाडा. तरी दिवा लुकलुकला तर न्यूट्रल उसना आहे. इन्व्हर्टरचं कनेक्शनही बघून घ्या. वायरमनने ‘सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबी (दोन तारांतल्या करंटमध्ये फरक पडला की वीज तोडणारा स्विच) बायपास केला असेल तर तो कदाचित याच कारणाने पडत असेल.

चेक मीटर मागताना संकोच करू नका. वीज ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार रीडिंगबद्दल तक्रार दिली की पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची आहे. तक्रार लेखीच द्या, क्रमांक घ्या. लावल्या क्षणी दोन्ही डिस्प्लेंचा एकाच फ्रेममध्ये फोटो काढा, उतरवतानाही तसाच. प्रीपेड असेल तर अनामत मागता येत नाही, वीज कायदा २००३, कलम ४७(५). आधी भरलेली अनामत कुठे वळती झाली ते विचारा.

आता मुद्द्याचं. हा डबा दर अर्ध्या तासाला किंवा पंधरा मिनिटांनी वापर नोंदवतो. मॅग्नेट लावला, झाकण उघडलं, सगळं वेळेसकट कळवतो. त्याच यादीत लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली हेही असतं. ॲपमध्ये वापराचे रंगीत खांब आहेत, शिल्लक आहे, रिचार्जचं बटण तर मधोमध आहे. लाईट गेल्याची नोंद कुठेच नाही. ग्राहक हक्क नियम २०२० म्हणतात की जी गोष्ट दुरून तपासता येते तिची भरपाई आपोआप मिळावी, आणि त्यात ठरल्यापेक्षा जास्त वेळ किंवा जास्त वेळा वीज खंडित होणंही येतं. तेव्हा दुरून कोण मोजणार, हा प्रश्न तरी होता. आता स्मार्ट मीटर लागलेल्या प्रत्येक दारात मोजणारं यंत्र आहे. साक्षीदार एकच, त्याची जबानी फक्त आपल्याविरुद्ध वाचायची! आमदारांपासून नगरसेवकांपर्यंत सगळे ‘मीटर काढा’ किंवा ‘मीटर छान’ एवढंच बोलतात. ॲपमध्ये हे एक पान वाढवा, असं कोणी म्हणत नाही.

कॉल सेंटरला विचारलं तर ‘ही माहिती सिस्टीममध्ये नाही’. आहे. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात मागा: मीटर क्रमांक, तारखा, आणि ‘पॉवर फेल्युअर इव्हेंट लॉग’ हे शब्द जसेच्या तसे. गुजरातेत फी २० रुपये, मुदत ३० दिवस. त्यावरून तक्रार निवारण मंच, आणि तिथे नाही जमलं तर विद्युत लोकपाल.

बाकी किरकोळ. मॅक्सिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेला सगळ्यात जास्त भार, आता दिसते, म्हणून गीझर, एसी आणि इस्त्री एका वेळी नको. तरी वर्षातून एखाददा आकडा मंजूर लोडच्या वर गेला म्हणून तो लोड वाढवता येत नाही, आर्थिक वर्षात किमान तीनदा ओलांडावा लागतो.

पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड त्या न दिलेल्या पानाचा. ते येईपर्यंत लाईट गेल्या-आल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत चला, दुधाच्या खाड्याशेजारी. लॉग हातात आला की ताळा करायला तीच उपयोगी पडेल.