जळगावातला पाइप वेल्डिंगचा क्लास: शिकवणं पक्कं, सोय कच्ची

आमचा धंदा ट्रॉल्या आणि शेडचा. भाच्याला पाइपचं काम शिकायचं होतं, म्हणून एमआयडीसीतल्या या क्लासला घातलं.

सर मशीनआधी रॉडचा ओव्हन दाखवतात, तिथेच मला माणूस आवडला. 7018 हा मजबूत जोडासाठीचा वेल्डिंग रॉड, तो ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरला की काम गार झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. म्हणून रॉड भाजायचा आणि गरम डब्यातूनच उचलायचा. आपल्याकडे भर पावसाळ्यात फाटकं पाकीट मशीनवर पडलेलं असतं. 6013 या साध्या रॉडला ते खपतं, 7018 ला नाही.

मग 6जी, म्हणजे पाइप वेल्डिंगच्या टेस्टची अवघड पोझिशन. पाइप 45 अंशांत पक्का बांधलेला, तो फिरत नाही, पोराने फिरायचं. रूट, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, नीट बसला नाही की सर ग्राइंडर पुढे करतात, "काढ भाऊ, परत मार." जोडातून पट्टी कापून वाकवतात. 3 मिमीहून मोठी चीर उघडली की नापास, वशिला चालत नाही.

आयएसओ 9606 या वेल्डरच्या परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं सर्टिफिकेट टेस्ट दिलेल्या प्रोसेस, पोझिशन आणि जाडीपुरतंच असतं, दर 6 महिन्यांनी कंपनीकडून त्यावर सही लागते, हेही नीट सांगितलं. आखातात जाणाऱ्या पोरांना एजंट एवढं कुठे सांगतो!

तक्रार एकच, पण मोठी. धूर ओढायला पंखा नाही, वर पत्र्याचं छत आणि आपला मे महिना. चामडी हातमोजेही घरून न्या. टेस्टची फी वेगळी आहे, ती आधीच विचारून घ्या.