घटस्फोटाच्या करारनाम्याचे तयार मसुदे: पोटगीपुरते ठीक, सावत्र मुलांपाशी गोंधळ

इंटरनेटवर मिळणाऱ्या या मसुद्यांत जोडीदाराच्या पोटगीचा भाग बरा असतो. एकरकमी की दरमहा, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, सगळं विचारतात. फक्त ती थांबणार कधी आणि वाढणार कशी, यावर बहुतेक मसुदे गप्प. पुनर्विवाह, देणाऱ्याचा मृत्यू, महागाईप्रमाणे वाढ ही तीन कलमं स्वतः घालावी लागतात. मृत्यूच्या कलमाला आयुर्विमा जोडला नसेल तर ते कागदावरच राहतं.

खरी पंचाईत ‘मुले’ या रकान्यात. रकाना एकच, सख्खी-सावत्र सगळी त्यातच. सोबतचं ठरलेलं वाक्य असं: ‘मुलांच्या शिक्षणाचा खर्च पती करील.’ कोणती मुलं? कोणतं शिक्षण? कुठवर? सावत्र मुलाचं नाव त्यात गेलं, तर पुढे वाद झाल्यावर हीच ओळ जबाबदारी पत्करल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. नाव गाळलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कॅनडात पालकाच्या जागी राहिलेला सावत्र पालक एकतर्फी हात झटकू शकत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये चार्टियर खटल्यात ठरवलं. इंग्लंडमध्ये घटस्फोटासंबंधीच्या 1973 च्या कायद्यानुसार न्यायालय सावत्र पालकाने जबाबदारी किती आणि किती काळ उचलली ते पाहतं, शिवाय मुलाला पोसण्याची जबाबदारी आणखी कोणाची आहे तेही. मूल रीतसर दत्तक घेतलेलं असेल तर प्रश्नच मिटतो: ते सख्खंच, घटस्फोटाने काही बदलत नाही.

म्हणून सावत्र मुलासाठी वेगळी पुरवणी जोडा. जन्मतारीख, घरात कधीपासून, आजवर फी कोणी भरली, जन्मदाता पालक सध्या किती देतो, हे त्यात हवं. खर्चाचं वाक्य असं लिहा: ‘पहिल्या पदवीपर्यंत किंवा वयाच्या 22 व्या वर्षापर्यंत, जे आधी होईल तोवर, फीचे बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत, थेट संस्थेच्या खात्यात.’ वय आणि दिवस आपापल्या सोयीने बदला, रिकामे मात्र सोडू नका. रक्कम स्वखुशीची असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. न्यायालय त्याने बांधलं जात नाही, पण हेतू कळतो.

विमा आणि निवृत्तिवेतनावरच्या वारसनोंदीबद्दल हे मसुदे चकार शब्द काढत नाहीत. अनेक ठिकाणी ती नोंद घटस्फोटाने आपोआप बदलत नाही, फॉर्म वेगळा भरावा लागतो.