फियाटला डिस्क ब्रेकचं 'रेडी किट' घेणार असाल तर आधी हे वाचा

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला एकजण जुन्या फियाटसाठी, म्हणजे आपल्या प्रीमियर पद्मिनीसाठी, पुढच्या डिस्क ब्रेकचं किट विकतो. त्याने मला साडेचौदा हजाराला गंडवलं. त्याचा धंदा अजून जोरात चालू आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पद्मिनीला कंपनीचे ड्रम ब्रेकच (चाकातल्या ड्रमला आतून शू दाबून थांबवणारे), चारी चाकांना. पावसात पाणी शिरलं की पहिला ब्रेक लागतच नाही हे ज्याने गाडी चालवलीय त्याला सांगायला नको. त्यात 2023 मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, टॅक्सी होत्या तोवर सामान कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचं, आता शोधत फिरावं लागतं (आणि ही गाडी बनायची कुठे, तर याच कुर्ल्यात!). हा माणूस बरोबर तिथेच गिऱ्हाईक पकडतो. "साहेब, बोल्ट काढायचे नि लावायचे, मास्टर सिलिंडरला हात नाही लावायचा, नवा माल आहे." (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग.) बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वर लागेल. पैसे जीपेने, तेही भलत्याच नावावर.

त्याच्याच ओळखीच्या पोराने किट बसवलं. पेडल पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली, दोनदा पंप केलं की मग पकडायचं. "डिस्कला असंच असतं, पॅड बसले की होईल." सायनच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये जळका वास यायला लागला, उतरून बघतो तर पुढची रिम हाताला चटका देत होती.

मग परळला टॅक्सीवाल्यांचे एक जुने मिस्त्री आहेत त्यांच्याकडे नेली. चाक काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "साहेब, हवा वर जाते का खाली?" उजव्या कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, हवा काढायचं निपल चक्क खाली होतं. निपल खाली असलं की ब्रेक ऑइलमधली हवा वरच्या बाजूला अडकून राहते, मग कितीही ब्लीड करा (हवा काढा), पेडल कडक होणारच नाही. त्यांनी थिनरचा बोळा फिरवला तर सिल्व्हर पेंटखाली गंज, आणि दोन्ही कॅलिपरवर एकच अक्षर, एल. म्हणजे भंगारातले दोन डावे कॅलिपर उचलून रंगवून जोडी म्हणून विकले! चुकून दोन डावे आले असं मी मानलं असतं, पण डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा असतो ना (त्याखाली झिजली की डिस्क बाद), तो ग्राइंडरने घासून काढला होता. आकडा चुकून घासला जात नाही.

आणि मास्टर सिलिंडरचं तर सरळ खोटं. ड्रमवाल्या मास्टरमध्ये बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय प्रेशर धरून ठेवतो. ड्रममध्ये शू ओढायला स्प्रिंग असते म्हणून चालतं, डिस्कमध्ये स्प्रिंग नाही, पॅड घासतच राहतात. माझ्या मास्टरमध्ये तो व्हॉल्व्ह निघाला, चटका त्याचाच. शिवाय डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं, हेही तो बोलणार नाही. कॅलिपरचा ब्रॅकेट तर गॅसने कापलेली पट्टी, वर वेल्डिंगचे गोळे. तो तुटला असता तर काय, हा विचार मी करतच नाही.

परत गेलो तर "लावलेला माल परत नाही, तुमच्या मिस्त्रीने बिघडवला." बाजूचा दुकानदार हसत होता, त्याला सगळं माहीत असणार. त्याच रोडला नीट माल देणारेही आहेत, पण ते दोन्ही कॅलिपर समोर ठेवून निपल दाखवतात, डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजू देतात आणि बिल फाडतात. यातल्या एकालाही नाही म्हणाला तर निघा तिथून.

जीपेची एंट्री आणि फोटो जमवून 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय. तोपर्यंत मिस्त्रींनी ड्रमच परत चढवले, नवे लायनर आणि व्हील सिलिंडर टाकून, आणि गाडी सरळ थांबते.