जिवंत मासोळी गळाला लावताना: नाकातून की पाठीतून?

शिंगाडा किंवा शिवडा या मिशाळ, शिकारी माशांसाठी आमिष म्हणून जिवंत मासोळीच लावायची हे ठरल्यावर, गळ तिच्या अंगातून कुठे काढायचा हा प्रश्न उरतो. एक रीत नाकपुड्यांतून आडवा गळ काढण्याची आहे आणि दुसरी पाठीच्या पराखालून, कण्याला धक्का न लावता, मांसातून काढण्याची. दोन्ही रीतींनी मासे लागतात, हे आधीच मान्य केलेले बरे.

पाठीतून लावलेली मासोळी अधिक तडफडते, आणि गढूळ पाण्यात मिशांच्या व स्पर्शाच्या भरवशावर शिकार शोधणाऱ्या माशाला ती तडफड चटकन जाणवत असावी. शिवाय लांब फेकले तरी ती गळावरून सहसा निसटत नाही. तरीही ही रीत मी वाहत्या पाण्यात सोडून दिली, त्याचे कारण तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, पडणारा पीळ. कामठीजवळ पेंच आणि कोलार येऊन मिळाल्यानंतर कन्हान नदीला पावसाळा सरताना चांगली ओढ असते. त्या ओढीत पाठीतून अडकवलेली मासोळी प्रवाहाला आडवी होते, गरगर फिरू लागते आणि तिची प्रत्येक गिरकी तंगुसात उतरते. पीळ जिरवणारी फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, लावून पाहिले, पण बारीक स्विव्हल ताणाखाली मोकळेपणी फिरतेच असे नाही. रील गुंडाळताना काही कळत नाही. पुढच्या फेकीला मात्र सैल तंगूस वेटोळी होऊन उसळते आणि टॉर्चच्या उजेडात गाठी सोडवत बसावे लागते. शेजारच्याच्या गळाला मासा नेमका त्याच वेळी लागतो, हा माझा अनुभव आहे. त्याला शास्त्र म्हणता येणार नाही.

नाकातून लावलेली मासोळी प्रवाहाकडे तोंड करून राहते, कल्ल्यांतून पाणी वाहत राहते आणि ती बराच वेळ जिवंत टिकते. दोन्ही ओठ एकत्र टोचणे मात्र टाळावे, कारण तोंड मिटले की तिला श्वास घेता येत नाही. या रीतीत जोराने फेकल्यास नाक फाटते, म्हणून हलक्या हाताने, थोडे जवळच टाकावे लागते. शिंगाडा काठालगतच्या डोहातही फिरतो, त्यामुळे मला त्याची फारशी अडचण वाटली नाही. तंगुसावर सरकणारे शिशाचे वजन आणि ४/० आकाराच्या आसपासचा सर्कल गळ (टोक आत वळलेला) असेल, तर मासा लागल्यावर हिसका न देता सावकाश गुंडाळत जावे.

मासोळी शक्यतो त्याच नदीतली घ्यावी. बंदी असलेला थाई मागूर हा परदेशी मासा चिवट असतो म्हणून आमिषाला आणून सोडण्याचा मोह नसावा. अंभोऱ्याला, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या संथ पाण्यात, पीळ पडण्याचे कारणच उरत नाही. तिथे जाणार असाल आणि मत्स्य सहकारी संस्थेची परवानगी हाती असेल, तर पाठीची रीत खुशाल वापरावी.